आम्ही सगळे वाट बघतोय

इंग्रजी पत्राचा शेवट कसा करायचा, हे अख्ख्या कोचकोर गावात फक्त मिर्लानला कळत होतं! निदान त्याचं तसं मत होतं. घरातल्या दोन खोल्या त्याने पाहुण्यांसाठी रंगवल्या होत्या. उन्हाळा सरत आला तरी कुणी फिरकलं नव्हतं, आणि आता हॅरिएट नावाच्या इंग्रज बाईंनी एक शांत खोली मागितली होती. बाई खूश झाल्या तर आणखी चार जण येतील. नाहीतर मेव्हण्याच्या गॅरेजात त्याच्या हातात पाने-पकडी देत बसायचं!

मिर्लानने ठेवणीतलं वाक्य काढलं: "वुई आर ऑल लुकिंग फॉरवर्ड टु मीटिंग यू." 'टु'च्या पुढे 'मीटिंग'! भलेभले इथे आपटतात. पत्र पाठवून त्याने आईला, बुरुलआपांना, ऐटीत अर्थ सांगितला, "आम्ही सगळे तुमची आतुरतेने वाट बघतोय."

बुरुलआपांचं लाटणं थांबलं. "सगळे म्हणजे कोण?"

"तू, मी आणि चिनारा."

"नवरा-बायको आणि म्हातारी, झाले सगळे? वरच्या गावचा तुझा काका मेला का रे?"

"आपा, इंग्रजीत तसं लिहायची पद्धत असते!"

"आणि आपल्यात लेखी खोटं बोलायची पद्धत आहे?"

झालं! काकाला फोन गेला. काका आला म्हणून आत्या आली. आत्याच्या व्याह्यांना वगळलं असतं तर सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. पाहुण्यांनी येताना मेंढ्या आणल्या. आणलेली मेंढी कापायला हवी, आणि कापली की खायला माणसं हवीत!

हॅरिएटबाई पोचल्या तेव्हा अंगणात जत्रा भरली होती आणि त्यांच्या शांत खोलीत काका घोरत होता.

"जा आता गॅरेजात," चिनारा पुटपुटली.

बुरुलआपांनी बाईंचा हात धरून त्यांना मानाच्या जागी बसवलं. शिजवलेलं मेंढीचं डोकं हा खरं तर घरातला थोरला म्हणून काकाचा मान, पण उठून आलेल्या काकाने ते बाईंपुढे सरकवलं. बाईंनी डोक्याकडे पाहिलं, सगळ्यांकडे पाहिलं, आणि त्यांना रडू कोसळलं. मिर्लानने डोळे मिटून घेतले.

"माझी एवढी वाट आजवर कुणीच बघितली नव्हती हो," बाई म्हणाल्या. मग मिर्लानलाही रडू आलं. रात्री बाई आत्या आणि विहीणबाईंच्या मधे गाढ झोपल्या.

दोन दिवसांनी बाई गेल्या आणि वाटेतूनच त्यांचा निरोप आला. मिर्लानने तो सगळ्यांना वाचून दाखवला, "परत यायची मी आतुरतेने वाट बघतेय!"

काका दारात बूट चढवत होता.

"बूट काढा भाऊजी!" बुरुलआपा ओरडल्या. "बाई परत येतायत!"

मिर्लानने पद्धतीचा मुद्दा पुन्हा समजावून पाहिला. काका अजून शांत खोलीतच आहे.