बहिणीच्या चौकशीला आलेला लघुग्रह

अंबाटाकळीच्या तळ्यावर एक लघुग्रह आपल्या थोरल्या बहिणीची चौकशी करायला आला, तेव्हा गावात संत्र्यांची तोडणी चालू होती. बायका बागेत शिरल्या तेव्हा तो नव्हता, आणि न्याहारीला बसल्या तेव्हा होता. रंगानं काळपट, आकारानं साधारण तहसील कचेरीएवढा, एका बाजूनं बटाट्यासारखा फुगलेला. ताडाच्या झाडाहून जरा उंचावर, तळ्याच्या बरोबर मध्यावर तो थांबला होता. त्याची सावली पाण्यावर पडली होती, आणि उन्हाला कंटाळलेले बगळे त्या सावलीत येऊन उभे राहिले होते.

अंबाटाकळीचं तळं गोल आहे. पन्नास हजार वर्षांपूर्वी आकाशातून पडलेल्या दगडानं ते झालं, हे गावच्या शाळेत चौथीला शिकवतात. त्यामुळे लोकांना पाहुण्याचं फारसं नवल वाटलं नाही. आधीही एकजण येऊन गेलं होतं, एवढंच.

सुरुवातीला तो काही बोलला नाही. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांचं, गुरं पाण्यावर आणणाऱ्यांचं बोलणं तो ऐकत राहिला. मग एका दुपारी सरपंच पंचफुलाबाई सुरडकर घाटावर आल्या असताना त्यानं तोंड उघडलं. आवाज रिकाम्या रांजणात बोलल्यासारखा होता आणि भाषा गावचीच होती.

"माही बहीन अथी उतरली होती," तो म्हणाला. "थोरली. अजून वापस आली नाई."

"कधी उतरली होती?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"आत्ताच. मी जरासा डोया लावला होता."

पंचफुलाबाईंनी तळ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि पदर सावरत म्हणाल्या, "थांबा. इचारून सांगतो."

दुसऱ्या दिवशी तहसीलदार आले. तळं ग्रामपंचायतीच्या मालकीचं असल्यामुळे त्यावर थांबायला ग्रामपंचायतीची हरकत नसावी लागते, असं त्यांनी लघुग्रहाला समजावून सांगितलं. ग्रामपंचायतीनं हरकत घेतली नाही. फक्त पूर्वेकडच्या बागांना ऊन मिळावं म्हणून त्यानं दुपारनंतर थोडं सरकून थांबावं, अशी अट घातली. ती त्यानं शेवटपर्यंत पाळली. फाल्गुनातलं ऊन तापू लागलं तसे लोक दुपारी सावली असेल त्या काठावर सतरंज्या टाकून पडू लागले. त्या सावलीत झोप फार गाढ लागे, आणि सगळ्यांना एकच स्वप्न पडे. स्वप्नात खूप मोठी, शांत, अंधारी जागा असे आणि आपल्या शेजारून कोणीतरी चालत असे. उठल्यावर लोक एकमेकांना ते सांगत नसत, कारण प्रत्येकाला ते ठाऊकच होतं.

लघुग्रह आणि धूमकेतू यांच्या अभ्यासासाठी देशादेशांची एक समिती आहे. ती आठवड्याभरात अंबाटाकळीला पोचली आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत उतरली. अध्यक्ष इनेस अल्वारेझ चिलीच्या होत्या. उंच, सत्तरीच्या, डाव्या कानानं कमी ऐकणाऱ्या. समितीत मराठी येणाऱ्या एकट्या डॉ. शैलजा खोडके. त्या नागपूरच्या. तळ्याच्या तळातून निघालेल्या एका दगडाच्या तुकड्यावर त्यांचं निम्मं आयुष्य गेलं होतं. लग्न, दोन बदल्या, वडलांचं आजारपण, सगळं त्या तुकड्याच्या आगेमागे झालं होतं. प्रयोगशाळेत त्या त्याला 'नमुना' म्हणत.

समितीनं तपासणी केली. लघुग्रहाची माती आणि शैलजाताईंचा नमुना एकाच कुळातले निघाले. नातं खरं होतं.

अडचण वेगळीच होती. आपण श्वास रोखून धरतो तसं लघुग्रहानं स्वतःला तळ्यावर रोखून धरलं होतं. अमावास्येपर्यंत त्याला ते जमणार होतं. त्याच्या आत तो आपल्या वाटेला लागला नाही, तर पृथ्वी त्याला खाली ओढून घेणार होती, आणि अंबाटाकळीच्या जागी दुसरं गोल तळं होणार होतं. लघुग्रहाला याची कल्पना होती. पण बहिणीला घेतल्याशिवाय जायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं.

शाळेच्या वर्गात, छोट्या बाकांवर गुडघे वर करून बसून, समितीनं विचार केला. बहुतेकांचं म्हणणं एकच होतं. ती पुढे निघून गेली, असं त्याला सांगावं. म्हणजे तो तिला शोधत जाईल आणि गाव वाचेल. खरं सांगितलं तर तो इथेच तिच्याजवळ उतरायचं म्हणेल.

"कुठे गेली म्हणून सांगायचं?" इनेसबाईंनी विचारलं. "तो जन्मभर शोधत फिरेल. त्याचा जन्म फार मोठा असतो."

पंचफुलाबाई मागच्या बाकावर होत्या. नवं तळं त्यांच्याच गावाच्या जागी होणार म्हणून समितीनं त्यांनाही मत दिलं होतं. त्यांनी शैलजाताईंना विचारून घेतलं, काय चाललंय म्हणून. मग म्हणाल्या, "आपलं मानूस गेलं त सांगा लागते. नाई सांगितलं त तो रडन कवा?"

शैलजाताईंनी हे इंग्रजीत सांगितलं. जपानचे मोरिता, जे एरवी सभेत डोळे मिटून बसत, त्यांनी डोळे उघडले आणि हात वर केला. मग एकेक करत बाकीचे हात वर गेले. दोन गेले नाहीत. पंचफुलाबाईंचा हात वर जायला थोडा वेळ लागला, कारण त्यांना खिडकीतून आपलं घर दिसत होतं.

सांगायचं काम शैलजाताईंकडे आलं.

मासेमारीच्या होडीतून दोघी तळ्याच्या मध्यावर गेल्या. वल्हं पंचफुलाबाईंच्या हातात होतं. लघुग्रहाच्या पोटाखाली हवा गार होती आणि तिला पाटीवरून पुसलेल्या खडूसारखा वास होता.

"सापडली काय?" त्यानं विचारलं.

"तुमची बहीण गेली," शैलजाताई म्हणाल्या. "इथे उतरली तेव्हाच गेली. फार जोरात आली होती. हे तळं तिच्यामुळेच झालं."

मग लघुग्रह हातभर खाली आला. तळ्यातून वर्तुळं उठली आणि एकामागून एक काठाकडे गेली. काठावर बसलेली माणसं उभी राहिली. पंचफुलाबाईंनी वल्हं मांडीवर आडवं घेतलं आणि त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

"कुठं हाये ती?" तो म्हणाला.

"थोडी खाली गाळात आहे. थोडी आमच्याकडे. तुकडे वेगवेगळ्या देशांत गेले. नऊ देशांत."

"तुमी तिले कापलं?"

शैलजाताईंना वाटलं, नाही म्हणावं. "हो," त्या म्हणाल्या. "अगदी पातळ काप केले. कागदासारखे."

"काहून?"

"ती आतून कशी आहे ते बघायला."

लघुग्रह आणखी खाली आला नाही, वरही गेला नाही. पाणी हळूहळू पुन्हा सपाट झालं.

"कशी होती?" त्यानं विचारलं.

शैलजाताईंनी आयुष्यभर या प्रश्नाची उत्तरं दिली होती. परिषदांमध्ये, नियतकालिकांमध्ये, तक्त्यांसकट. त्यातलं एकही वाक्य त्यांना त्या होडीत आठवलं नाही.

"सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. "दाखवते."

त्यांनी शाळेत येऊन हे समितीपुढे मांडलं तेव्हा वाद झाला नाही. त्याच संध्याकाळी नऊ देशांना निरोप गेले. असले काप सहसा जागचे हलवत नाहीत. एका संग्रहालयानं नकार दिला, मग विमान सुटायच्या थोडं आधी होकार कळवला. मोरितांनी आपला काप बरोबरच आणला होता. चष्म्याच्या डबीत, रुमालात गुंडाळून. ते तो नेहमीच जवळ ठेवत, असं त्यांनी जरा संकोचून सांगितलं.

अमावास्येच्या आधी दोन दिवस सगळं जमलं. मंडपवाल्यानं लग्नाचं पांढरं कापड काठाच्या उतारावर ताणून बांधलं. दगडाचा काप नुसता पाहिला तर मळकट दिसतो. पण दोन खास काचांच्या मध्ये ठेवून त्यातून उजेड सोडला की त्याचे रंग उमलतात. मोरितांनी शाळेच्या प्रोजेक्टरला तशा काचा बसवल्या. दिवस मावळला. गाव काठावर बसलं. लघुग्रह थोडा पुढे सरकून, थोडा कलून थांबला.

पहिला काप चिलीचा होता. कापडभर मोरपंखी निळा रंग पसरला. त्यात पिवळ्या धारा होत्या आणि मध्ये चुनरीवरच्या टिकल्यांसारखे गुलाबी ठिपके. मोरितांनी काप बोटानं हळूच फिरवला, तसा निळा विझत गेला आणि त्याच जागी नारंगी उगवला. मग दुसऱ्या देशाचा काप आला, मग तिसऱ्या. पोपटी, जांभळा, पिकल्या सीताफळाच्या आतला पांढरा. जो तो शास्त्रज्ञ आपला काप स्वतःच्या हातानं लावत होता आणि बाजूला होत होता. इनेसबाई जमिनीवर बायकांमध्ये बसल्या होत्या.

शेवटचा शैलजाताईंचा. त्यांनी तो हजार वेळा पाहिला होता, पण खोलीत, एकटीनं, सूक्ष्मदर्शकातून एका डोळ्यानं. आता तो एवढा मोठा होऊन तळ्याच्या काठावर पसरला आणि त्याचा लाल उजेड लोकांच्या तोंडावर पडला. त्या बाजूला झाल्या नाहीत, काचांमधल्या कापावर बोट ठेवून उभ्या राहिल्या.

"हे पुन्हा दाखवा," लघुग्रह म्हणाला.

त्यांनी पुन्हा दाखवला.

"एवढे दिवस संगं फिरलो," तो म्हणाला. "मले ती काईच वाटे."

पंचफुलाबाईंनी मान खाली घातली. त्यांच्या बोलीत 'काळी' ला 'काई' म्हणतात. शैलजाताईंनी ते इनेसबाईंच्या उजव्या कानात सांगितलं, आणि इनेसबाईंनी ते पुढे आणखी कोणाला तरी सांगितलं. असं ते वाक्य वेगवेगळ्या भाषांतून काठाकाठानं गेलं.

सकाळी समिती घाटावर उभी राहिली. काप आणि तुकडे लाकडी पेट्यांत होते. ते सगळे मिळून एका दप्तरात मावले असते. लघुग्रहाला हवे असतील तर द्यायचे, असं ठरलं होतं. शैलजाताईंनी आपला मोठा तुकडा पेटीत ठेवला नव्हता. तो त्यांनी दोन्ही हातांत धरला होता.

"असू द्या," लघुग्रह म्हणाला. "तुमी तिले पाहून रायले. म्या नुसतं संगं चाललो." मग त्यानं विचारलं, "हे पानी तिच्या अंगावरचं हाये. थोडं नेऊ काय?"

पाणी ग्रामपंचायतीचं असल्यामुळे सगळ्यांनी पंचफुलाबाईंकडे पाहिलं.

"न्या," त्या म्हणाल्या. "बागाईतले पुरन एवढं ठिवा."

तो खाली आला. एवढा हळू, की बगळे उडाले नाहीत, नुसते बाजूला झाले. त्याचं पोट पाण्याला टेकलं. घाटाच्या दोन पायऱ्या उघड्या पडल्या, ज्या कोणी पूर्वी पाहिल्या नव्हत्या. मग तो वर उठला. ओला होऊन चकाकत होता, आणि उठताना त्याच्यातून थेंब गळत होते. संत्र्यांच्या बागांवर ते पडत राहिले, तो ठिपक्याएवढा होईपर्यंत.

ज्येष्ठ सरत आला तेव्हा तो सूर्याच्या जवळ पोचला. अंगावर गोठलेलं पाणी तापलं आणि त्याला शेपूट फुटलं. समितीपुढे प्रश्न आला, कारण शेपूट असलेल्याला लघुग्रह म्हणता येत नाही. इनेसबाईंनी ठराव मांडला आणि त्याला धूमकेतूंत घेण्यात आलं. शैलजाताईंनी अनुमोदन दिलं. प्रयोगशाळेतल्या तुकड्याला त्या आता थोरली म्हणतात. त्यांचे विद्यार्थीही म्हणतात.

पंचफुलाबाईंचा फोन आला तेव्हा शैलजाताई कामावर होत्या.

"इकडं गच्चीवरून दिसून रायला," पंचफुलाबाई म्हणाल्या. "ते पांढरं मांगं हाये ते आमचं पानी काय?"

"तुमचंच आहे."

"सांडून रायलं मंग ते."

"हो. उन्हानं थोडं थोडं जातंच."

फोनवर मागे कोणीतरी कोंबड्या हाकत होतं.

"त्याले निरोप द्या," त्या म्हणाल्या. "म्हना, संपलं त पुन्हा घेऊन जाजो."

शैलजाताईंनी निरोप समितीला कळवला. समितीनं तो एकमतानं मंजूर केला, आणि स्पेनमधल्या मोठ्या अँटेनावरून तो आहे त्या वऱ्हाडीतच पाठवण्यात आला.