केशोभाऊचा दुखरा खांदा

आमच्या शेजारचा केशोभाऊ माणसाला रामराम करत नाही, मार्क देतो. तुम्ही त्याच्या दारात जाऊन "काय केशोभाऊ, बरं आहे?" म्हणा. तो मान वाकडी करून ऐकतो, डोळे मिटतो आणि म्हणतो, "पाच-सात." बरं आहे की नाही ते त्यानंतर.

हे रेडिओवाल्यांचं गणित आहे. पहिला आकडा शब्द किती समजले त्याचा, दुसरा आवाज किती जोरात आला त्याचा. पाच-नऊच्या वर काही नाही. दवनीवाड्यात त्यानं कोणाला सोडलं नाही. एका पुढाऱ्याचं भाषण ऐकून म्हणाला, "आवाज नऊ, समजलं एक." माझ्या कोंबड्याला पाच-आठ. स्वतःच्या बायकोला रोज पाच-नऊ, आणि ते तिला आवडत नाही.

रेल्वेच्या सिग्नल खात्यातून रिटायर झाल्यावर त्यानं परीक्षा देऊन सरकारी लायसन काढलं आणि नागपूरहून एक यंत्र आणलं. ऐकायचं आणि बोलायचं, दोन्ही त्यातच. एवढासा डबा, विटेपेक्षा लहान. मी चौथी शिकलेला माणूस. मी सरळ विचारलं, "त्यापेक्षा म्हैस काऊन नाही घेतली?"

"म्हैस श्रीलंकेशी बोलते का गा?"

घरात ते यंत्र शांतावहिनीनं टिकू दिलं नाही. त्यानं अंगणात तार ताणली, वहिनीनं तिच्यावर लुगडं वाळत घातलं. तो बोलायला लागला की टीव्हीवर आडव्या रेघा यायच्या, आणि सिरियलमधली सासू तोंड उघडायची तर आतून केशोभाऊ निघायचा: "सीक्यू, सीक्यू, कोणी ऐकून राहिलं का?" वहिनी म्हणाली, "तुमी अन् तुमची डब्बी, दोघंबी तलावावर जा!"

तो गेला. आणि जाताना मला घेऊन गेला.

झालं असं, की यंत्र आलं त्याच हिवाळ्यात सगुणा, माझी बायको, वारली. लोक आले, बसले, गेले. मग मी दार लोटून घेतलं. बाहेर जाऊन करायचं काय आणि बोलायचं कोणाशी? वहिनी भात-भाजी आणून ठेवायची. कधी मी खायचो, कधी कुत्रं. एक दिवस केशोभाऊ दारात उभा राहिला.

"कसा आहेस गा देवाजी?"

"आहे."

त्यानं डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. "दोन-एक," म्हणाला आणि निघून गेला. इतके कमी मार्क त्यानं गावात कोणाला दिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी खांद्यावर बॅटरीची पिशवी घेऊन हजर. "चाल. तार झाडावर टाकायची आहे. माझा उजवा हात वर होऊन नाही राहिला. खांदा गेला."

"गावात पोट्टे मेले का?"

"पोट्टे तार तोडतेत. तुझा नेम मले माहीत आहे. शाळेजवळच्या चिचेच्या झाडाले इचार."

"मले नाही यायचं."

"नको येऊ." तो माझ्याच खाटेवर बसला आणि भजन म्हणायला लागला. त्याचं भजन ऐकण्यापेक्षा तलाव बरा. मी चपला घातल्या.

तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, मोहाचं मोठं झाड आहे. दोरीला गोटा बांधायचा, उंच फांदीवरून पलीकडं फेकायचा, मग त्या दोरीनं तार वर ओढायची. केशोभाऊ उजवा खांदा धरून खालून हुकूम सोडायचा. माझा पहिला गोटा तलावात गेला. दुसरा वहिनीनं दोघांसाठी दिलेल्या डब्यात, वांग्याच्या भाजीत.

"जोर नऊ," तो म्हणाला, "नेम एक."

मला राग आला. त्या रागातच तिसरा गोटा फांदीवरून गेला.

मग हे रोजचंच झालं. एकदा ताणलेली तार पाहून एक शेतकरी धावत आला. त्याला वाटलं, सरकार तलाव मोजून राहिलं. "साहेब, पाणी सोडाचं तुडूम कवा उघडता? माझ्या धानाच्या बांधीले पाणी नाही जी!" केशोभाऊच्या कानाला हेडफोन. तो म्हणाला, "आवाज पाच-आठ." बिचारा शेतकरी समजला, पाचला किंवा आठला पाणी सुटणार. संध्याकाळी फावडं घेऊन आला आणि दोघांच्या नावानं शिव्या देत गेला. केशोभाऊनं त्या शिव्यांनाही मार्क दिले.

आणि एक दिवस खरंच श्रीलंकेचा माणूस लागला. केशोभाऊ उभाच राहिला, टोपी काढली. मी म्हटलं, आता काही मोठं ऐकायला मिळते. हा इंग्रजीत बोलला, तो बोलला, आणि संपलं.

"काय म्हणे?"

"तिकडं पाऊस पडून राहिला. मी सांगितलं, इकडं ऊन आहे."

"इकडं ऊन आहे हे समुद्रापलीकडं सांगाले एवढी तार?"

"त्यानं ऐकलं ना गा," तो म्हणाला. "तेवढंच पाहिजे."

पुढं पुढं मीच आधी तयार होऊन त्याच्या दारात उभा राहायला लागलो. वहिनीच्या डब्यालाही नावं ठेवायला लागलो. मीठ कमी, तिखट जास्त. वहिनी चिडायची नाही, हसायची. मला तेव्हा समजलं नाही काऊन हसते.

परवा मी नागऱ्याला महादेवाच्या दर्शनाला गेलो. आज येत नाही म्हणून सांगून ठेवलं होतं. पण लवकर परतलो, आणि घरी कायले बसायचं म्हणून तसाच तलावाकडं वळलो. पारीखालूनच दिसलं. केशोभाऊ मोहाखाली एकटा उभा. त्यानं दोरी गरगर फिरवली आणि गोटा सोडला. माझी फांदी सोडा, तिच्यावरच्या फांदीच्याही वरून गेला. एका फेकीत. उजव्या हातानं.

तेवढ्यात त्यानं मला पाहिलं. मी लगेच मान खाली घातली, चपलेतला काटा काढायला बसलो. नसलेला काटा काढायला मी बराच वेळ लावला. वर पाहिलं तेव्हा दोरी खाली आली होती, गोटा जमिनीवर होता, आणि केशोभाऊ दगडावर बसून खांदा धरून कण्हत होता.

"बरं झालं आलास. सकाळपासून तार तशीच पडून आहे. हा खांदा काही ऐकत नाही गा."

डावा खांदा धरला होता त्यानं.

मी पारीवर चढलो. गोटा उचलला, फेकला. पहिल्याच फेकीत बसला. मग मी जोरात ओरडलो, "जपा जी भाऊ त्या खांद्याले! तो बरा झाला तर माझं काम जाईल!"

केशोभाऊनं डोळे मिटले, मान वाकडी केली.

"पाच-नऊ," म्हणाला.