वामनरावांचे पंचवीस चिरूट

वामनराव पिंपळकर आयुष्यात कधी तंबाखूला शिवले नाहीत. सुपारीचं खांडही त्यांच्या तोंडात कोणी पाहिलं नव्हतं. पण त्यांच्या घरात पंचवीस विलायती चिरूट होते. वैशाखात वर्ध्याच्या विहिरी तळाला जात, तेव्हाही या घरात सकाळचं पहिलं पाणी त्या चिरुटांना मिळे.

मी तेव्हा नागपूरच्या एका दैनिकाला वर्ध्याच्या बातम्या पाठवत असे. नालवाडीच्या रस्त्यावर वामनरावांच्या शेजारची खोली मी भाड्याने घेतली होती. दोन घरांत एकच भिंत होती आणि ती छपरापर्यंत पोचत नव्हती. त्यामुळे या मजकुरातलं बरंचसं मी न विचारता ऐकलेलं आहे.

वामनराव एका जिनिंग फॅक्टरीत कापूस पारखत. कापसावर पाणी मारलं की वजन वाढतं. ते पाणी पकडणं हे त्यांचं काम, आणि त्यासाठी त्यांच्याकडे साधन एकच: उजवा हात. तो कोपरापर्यंत गाडीत घालायचा, आतला कापूस मूठभर काढायचा, दाबायचा आणि गालाला लावायचा. कोरडा कापूस मूठ उघडताच फुलतो. ओला दबून राहतो आणि गालाला थंड लागतो.

"पाणी मारलं," वामनराव म्हणत.

"नाई जी काका, रातच्याला दव पडलं," गाडीवान म्हणे.

"दव वरून पडते का खालून, बाप्पा? वरचा कापूस कोरडा आन मंधातला वला. असं कोनतं दव पडते तुह्या गावात?"

गाडी परत जाई. या निकालावर अपील नव्हतं.

'वल म्हणजे चोरी' हे त्यांचं आवडतं वाक्य. ते कापसापुरतं राहिलं नव्हतं. एका सभेला हजारो लोक आले होते, असं मी एकदा लिहिलं. वामनराव त्या सभेला होते. दुसऱ्या दिवशी अंक हातात घेऊन ते माझ्या दारात आले. "दोनशे होते. तुमी वल मारली," ते म्हणाले. मी दुरुस्ती पाठवली. ती छापून आली नाही, तेव्हा त्यांनी पंधरा दिवस माझ्याशी बोलणं बंद ठेवलं.

असा हा माणूस संध्याकाळी घरी येई, हातपाय धुई आणि एका लाकडी पेटीला ओल देत बसे.

पेटी त्यांच्या मुलाची होती. मनोहर पुलगावच्या फौजी डेपोत कारकून होता. विलायतेला परत जाणाऱ्या एका साहेबाने जाताना ती त्याला भेट दिली. ती वामनरावांच्या हाती लागली, त्या दिवशी घरात जे झालं ते मी येण्याच्या आधीचं. वामनरावांच्या पत्नी, म्हणजे काकू, यांच्या सांगण्यावरून एवढंच कळलं, की वामनराव म्हणाले, "या घरात ही पेटी राहीन नाई तं तू." मनोहर गेला. पेटी राहिली.

पाच महिन्यांनी मुंबईहून एक कार्ड आलं. त्यावर पत्ता नव्हता. मजकूर तीन ओळींचा: 'बोटीवर काम मिळाले आहे. पेटी टाकू नका, उन्हाळ्यात चिरूट वाळू देऊ नका. आलो की बघू.'

या कार्डाचा वामनरावांनी लावलेला अर्थ सरळ होता. पेटी नीट राहिली, तर मुलगा तिच्यासाठी येईल. वाळली, तर त्याला यायला काही कारण उरणार नाही. त्यांनी हे मला एकदाच सांगितलं, तेही कापसाचा भाव सांगावा तसं.

वर्ध्याच्या उन्हाळ्यात ओल टिकवणं ही सोपी गोष्ट नाही. तिथे दुपारी धुतलेलं धोतर वाळत घालून मागे वळेपर्यंत कडक होतं. वामनरावांनी पहिल्या वर्षी पेटीत ओलं फडकं ठेवलं. आठव्या दिवशी दोन चिरुटांवर पांढरी बुरशी आली. त्यांनी ती सरकी काढलेल्या कापसाने, एकेक चिरूट मांडीवर घेऊन पुसली. मग फडकं गेलं आणि बटाटा आला. कच्च्या बटाट्याची पातळ चकती वाटीत ठेवली, की ती हळूहळू ओल सोडते. हे त्यांनी स्वतः शोधलं होतं आणि ते बरोबरही होतं. पण मुंग्यांनाही ते कळलं.

"मुंग्या चिरूट खाऊन राह्यल्या का बटाटा, ते तं पाहा," काकू म्हणाल्या.

"बटाटा."

"मंग खाऊ द्या. घरात कोनाले तं भाजी मिळो."

याच सुमारास मोहल्ल्यात बोलवा झाली, की वामनराव चोरून ओढतात. आमच्या मोहल्ल्यात एक निर्व्यसनी मंडळ होतं. रविवारी सूत कातायचं आणि मग तंबाखूवर भाषण ऐकायचं, असा कार्यक्रम असे. सर्वांत कडक भाषण वामनरावांचं. मंडळाचे दोन सभासद चौकशीला आले, एक निवृत्त मास्तर आणि एक वैद्य. वामनरावांनी पेटी पुढ्यात ठेवली आणि झाकण उघडलं.

"मोजा."

मास्तरांनी मोजले. पंचवीस भरले.

"आले तवा पंचवीस होते. आता वास घ्या माह्या तोंडाचा."

वास घेण्याची वेळ आली नाही. मास्तर पेटीत वाकून पाहत होते. ते शाळेत पदार्थविज्ञान शिकवत. "वामनराव, बटाटा कुजतो," ते म्हणाले. "माठाची खापरी घ्या. भिजवा, वरून पुसा, मग ठेवा. ती कुजायची नाही."

वैद्य म्हणाले, "आपण कशासाठी आलो होतो?"

"ते झालं," मास्तर म्हणाले. "खापरी कच्च्या भाजणीची हवी बरं का."

त्या रविवारी वामनराव सूत कातायला गेले नाहीत. बसने पवनारला गेले आणि कुंभाराकडून रुपयाएवढ्या बारा चकत्या भाजून घेतल्या. कुंभाराने विचारलं, "काका, हे कोन्या देवाले वाह्यचं?" वामनराव म्हणाले, "भाजणी कमी ठेव. बाकी इचारू नोको."

खापरीने दोन उन्हाळे निभावले. पण आषाढ लागला की संकट उलट्या बाजूने येई. चिरूट फुगत. आठ महिने ओल द्यायची आणि चार महिने काढायची, हे कोणत्या एका वस्तूला जमेल, यावर वामनराव पावसाळाभर विचार करत होते. उत्तर काकूंनी दिलं, तेही भांडताना. मिठाच्या बरणीत पाणी सुटलं म्हणून त्या चिडल्या होत्या.

"उन्हाळ्यात खडखडीत, पावसाळ्यात पानी. तुमच्या पेटीसारखंच नखरेल हाये हे मीठ."

पलीकडे पेटीचं झाकण वाजलं. मग वामनरावांचा आवाज आला, "वाटी दे."

जाड मीठ पाण्यात कालवून चिखलासारखं करायचं, लहान वाटीत घालायचं, वर पातळ फडकं बांधायचं. हवा कोरडी असली की ते मीठ ओल सोडतं आणि दमट असली की शोषतं. पेटी त्यानंतर वर्षभर एकसारखी राहिली. वामनरावांनी याचं श्रेय काकूंना दिलं नाही. मात्र पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी मिठाच्या दोन बरण्या आणल्या, एक पेटीची आणि एक स्वयंपाकाची.

आता मोजमापाचा प्रश्न राहिला. गालाला चिरूट लावून त्यांचं समाधान होईना. चूक माझी, मीच बोलता बोलता सांगितलं, की वेधशाळेत हवेची ओल मोजायला माणसाचा केस वापरतात. कोरड्या हवेत केस आखडतो, दमट हवेत लांबतो. त्याच संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं.

"तुहा एक केस पाह्यजे होता."

"काऊन?"

"लांब हाये म्हणून. आन आठ दिवस तेल नोको लावू. तेलकट केसाले हवा समजत नाई."

"पोरगं घालवलं, आता केस मांगून राह्यले," काकू म्हणाल्या. "मेल्यावर सगळेच घ्या. तवर तेल लावीन."

नवव्या दिवशी खिडकीत एक केस ठेवलेला होता, रिठ्याने धुतलेला. टोकाला काळा, मुळाशी पांढरा. वामनरावांनी तो भिंतीवर खिळ्याला बांधला, खाली गव्हाची काडी जोडली आणि काडीमागे कुंकवाने दोन खुणा केल्या. काडी वरच्या खुणेपार गेली की पेटीत भिजवलेली खापरी जादा ठेवायची. सकाळी दोघंही उठल्यावर आधी ती काडी पाहत. काकू पाहत नाही असं दाखवून पाहत.

पाचव्या उन्हाळ्यात आफ्रिकेहून लिफाफा आला. या वेळी त्यावर पत्ता होता. वामनराव फॅक्टरीत होते, म्हणून काकूंनी तो माझ्याकडून वाचून घेतला. मनोहरने लिहिलं होतं, की कंपालाजवळ एका जिनिंगमध्ये त्याला चांगली नोकरी आहे. प्रकृती ठीक आहे. 'तंबाखू सोडून दोन वर्षे झाली. बाबांचे म्हणणे बरोबर होते, त्यांना सांगा. ती पेटी आता टाकून द्यावी. माझे येणे सध्या होणार नाही.'

काकूंनी ते दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्या वेळी शेवटच्या वाक्याआधीच म्हणाल्या, "बस."

वामनरावांनी पत्र उभ्यानेच वाचलं आणि घडी करून टोपीत ठेवलं. ज्या पोराने आपलं ऐकावं म्हणून घरात एवढं रामायण झालं, त्याने ऐकलं होतं. त्यांनी कोणाला पेढे दिले नाहीत. त्या आठवड्यात काडी वरच्या खुणेच्या दोन बोटं वर गेली, आणि पेटी कोणी उघडली नाही.

रविवारी सकाळी त्यांनी मला ओसरीवर बोलावलं. समोर कागद, दौत आणि ती पेटी होती.

"लिहा," ते म्हणाले. "माह्या हातानं लिहिलं तं ते पत्र नाई, नोटीस होते. तीन फाडले."

मी लिहिलं: चिरंजीव मनोहरास अनेक आशीर्वाद.

"तू तंबाखू सोडली, वाचून आनंद झाला." ते थांबले. "पेटी टाकली नाई. मी आता चिरूट ओढून राह्यलो."

मी लेखणी उचलली. "हे कसं लिहू? तुम्ही ओढत नाही."

"तेच तं. थांबा."

त्यांनी पेटीतून एक चिरूट काढला, तोंडात धरला आणि आगकाडी ओढली. चिरूट पेटेना. त्याचं टोक कापावं लागतं, हे मी सांगितलं. काकू आतून विळी घेऊन आल्या, पाटावर बसल्या आणि गवारीची शेंग मोडावी तसं त्यांनी ते टोक उडवलं.

दुसऱ्या काडीला चिरूट पेटला. तो एकसारखा, सावकाश जळत गेला आणि राख बोटभर होऊनही पडली नाही. पाच वैशाखांत वर्ध्यात कोणी चिरूट असा ठेवला असेल असं मला वाटत नाही. वामनरावांना त्यातलं काही दिसलं नाही. ते खोकत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चेहरा जांभळा झाला होता, आणि डावा हात माझ्याकडे करून ते खुणेने लिहा, लिहा म्हणत होते.

मी लिहिलं: मी आता चिरूट ओढू लागलो आहे.

"मंडळ नाई म्हणते, तुही माय नाई म्हणते," खोकला थांबल्यावर त्यांनी सांगितलं. "मी कोनाचंच आयकत नाई. तुले वाईट वाटत असन तं येऊन सांग."

"खोकल्याचं बी लिहा," काकू म्हणाल्या. "मोठ्या अक्षरात."

मी तेही लिहिलं. वामनरावांनी खाली सही केली, पत्ता स्वतः दोनदा ताडून पाहिला आणि विचारलं, "आफ्रिकेले किती दिवसांत पोचते?"

"बोटीने गेलं तर महिना, सव्वा महिना."

त्यांनी मनात काही हिशेब केला. मग खाली ठेवलेला चिरूट पुन्हा उचलला.

"तवर सवय लागली पाह्यजे," ते म्हणाले.