काचेवरची पांढरी मंडळी

दातांच्या डॉक्टरांना घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत काचेवर पांढरे ठिपके दिसले, आणि त्यांनी ते सवयीने खरवडून काढले. दात असो की काच, पांढरं काही चिकटलेलं दिसलं की त्यांचा हात स्वस्थ बसत नसे. दुसऱ्या दिवशी ठिपके परत हजर. या वेळी ते चक्क चालत होते. दवाखान्यातलं भिंग लावून पाहिलं तर एकेकाला पाय, मिशा आणि वर शेपटीही. डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं.

घाबरण्यासारखं होतंच. टाकी म्हणजे त्यांचा जीव की प्राण. दिवसभर लोकांचे 'आ' बघून आलेला माणूस संध्याकाळी त्या माशांपुढे बसला की माणसांत यायचा. मासेही आ करतात म्हणा, पण त्यांची तक्रार नसते. मात्र याच टाकीने एकदा गळून गालिचा भिजवला होता, आणि एकदा तिच्यातली गोगलगाय बायकोच्या चपलेत निघाली होती. त्या दिवशी बायकोने आवाज न चढवता सांगून ठेवलं होतं, "अहो, आता यातून आणखी काही निघालं, तर टाकीच घराबाहेर निघेल." ती कॉलेजात गणित शिकवायची. तिचं उत्तर एकदा आलं की बदलत नसे.

तेव्हा गुपचूप बंदोबस्त करणं आलं. बायको खोलीत आली की डॉक्टर टाकीला पाठ लावून उभे राहायचे आणि हवापाण्यावर बोलायचे. मन मोकळं करायला त्यांना जागा एकच, पेशंट. तोंडात कापूस आणि नळी असलेला माणूस मधेच बोलत नाही, म्हणून डॉक्टरांना पेशंटशी गप्पा मारायला फार आवडायचं. त्या आठवड्यात खुर्चीत होते प्राणिशास्त्राचे प्राध्यापक. डॉक्टरांनी दाढ कोरता कोरता किड्यांचं साग्रसंगीत वर्णन केलं. पाय, मिशा, शेपटी ऐकताच प्राध्यापकांचे डोळे चमकले. ते घशातून आवाज काढू लागले, दोन्ही हात हलवू लागले.

"दुखतंय होय? मग सांगायचं ना," डॉक्टर मायेने म्हणाले आणि त्यांनी आणखी एक इंजेक्शन दिलं.

प्राध्यापकांनी जोरजोरात मान हलवली. डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूलाही दिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो याहून वेगळा नसावा. प्राध्यापक लोंबता ओठ सावरत घरी गेले, आणि जाताना डॉक्टरांनी बजावलं की आज अजिबात बोलायचं नाही.

मग डॉक्टरांनी शोभेचे मासे विकणाऱ्याचं दुकान गाठलं. त्याने एक मासा पुढे केला. निळा, नारिंगी, जणू रंगाच्या डब्यात लोळून आलेला. हा असले किडे खातो, आणि दुसरं काहीच खात नाही, असं दुकानदार म्हणाला. डॉक्टरांनी त्यातला पहिला अर्धा भाग कानांत साठवला आणि दुसरा ऐकायच्या आत ते मासा पिशवीत घालून निघालेसुद्धा.

आठवड्यात काच लख्ख झाली. डॉक्टरांचा जीव भांड्यात पडला आणि लगेच भांड्यासकट घरंगळला, कारण मासा आता उपाशी होता. दाणे टाकले की तो तोंड फिरवायचा. त्याचं पोट खपाटीला गेलं. त्यात बायकोही उदास दिसू लागली. टाकीपुढे बसायची आणि उसासा टाकायची. हिचा माशावर जीव जडला आणि तो मरणार, या विचाराने डॉक्टरांना अपराध्यासारखं वाटू लागलं.

प्राध्यापक कॅप बसवायला आले ते दारातच थांबले. एक हात त्यांनी तोंडावर धरला होता.

"डॉक्टर, आधी मी बोलणार, मग तोंड उघडणार."

आणि ते बोलले. ते किडे म्हणजे कोळंबीचे लांबचे, अगदी चिमुकले नातेवाईक. निरुपद्रवी. टाकीतली घाण खाऊन तिला स्वच्छ ठेवतात. "हेच तर सांगत होतो त्या दिवशी," प्राध्यापक कळवळून म्हणाले. पण माणूस दिलदार. उपाशी माशाची हकिगत ऐकून कॉलेजच्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या किड्यांची एक बाटलीच त्यांनी दुसऱ्या दिवशी आणून दिली.

डॉक्टर बाटली कोटात लपवून घरात शिरले. बायको टाकीपुढेच बसलेली.

"काय आहे कोटात?"

डॉक्टरांना खोटं बोलता आलं नाही. त्यांनी ठिपक्यांपासून सगळं ओकून टाकलं. आता टाकी गेली, असं मनाशी धरून ते मान खाली घालून उभे राहिले. बायकोने बाटली उजेडात धरली. तिचा चेहरा उजळला, आणि मग डॉक्टरांकडे वळल्यावर एकदम लाल झाला.

"म्हणजे तुम्ही संपवलंत त्यांना? अहो, रोज सकाळी तुम्ही घोरत असता तेव्हा मी चहा घेऊन त्यांच्याचपुढे बसायचे. तुमचे मासे नुसते मिरवतात. ही बिचारी कायम कामात. तुमच्या नजरेस पडली तर पुसून टाकाल, म्हणून मी चकार शब्द काढला नव्हता."

आता घरात दोन टाक्या आहेत. दुसरी, बिनमाशांची, फक्त या पांढऱ्या मंडळींची, बायकोने स्वतः आणली आणि ती तिच्या टेबलावर असते. मासाही सुधारला आहे, पण त्याला रोज तिच्यातली चमचाभर मंडळी लागतात. संध्याकाळी डॉक्टर चमचा घेऊन टेबलापाशी उभे राहतात, आणि बायको वह्या तपासता तपासता, मान वर न करता विचारते, "कालच तर नेली होतीत ना?"