सतरा खड्डे आणि एक बरणी

गढा या हिंदी मुलखातल्या वस्तीत दिवाकरच्या घराच्या दारापासून चौकातल्या किराणा दुकानापर्यंत सतरा खड्डे होते. नऊ उथळ, पाच घोट्याएवढे, आणि तीन असे, की त्यांत आश्विनातही बेडूक नांदत होते. दुर्गेच्या कमानीसाठी गल्लीच्या घराकडच्या तोंडाशी खणलेला खड्डा यात धरलेला नव्हता, कारण तो तात्पुरता होता. मोजणी दिवाकरने केली होती. तो नुकताच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाला होता आणि मोजण्यासारखं दुसरं काही अजून हाती आलं नव्हतं.

ते दोन हजार दहा साल होतं. दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धा भरल्या होत्या.

"ज्याला स्वतःचे सतरा खड्डे बुजवता येत नाहीत, त्यानं एवढ्या देशांना घरी बोलवू नये," दिवाकर म्हणाला. "मी एक मिनिटही पाहणार नाही."

"अरे, पाहुणे दारात आले, अन् तू भिंतीचे पोपडे मोजून राहिला," त्याचे काका नारायणराव म्हणाले. घरात सगळे त्यांना मोठेबाबा म्हणत. "ब्याऐंशीत एशियाड झालं, तं आम्ही शेजाऱ्याच्या खिडकीला लटकून पाह्यलं. तुझ्या घरात टीव्ही आहे, तं तू रुसला."

एवढ्यावर भागलं असतं. पण मध्येच नवरात्र बसलं. नवरात्रात या घरात प्रत्येक जण काहीतरी सोडत असे. मोठेबाबा दाढी सोडत, म्हणजे वाढू देत. धाकटी बहीण शकू चहा सोडे. घट मांडून झाल्यावर आईने, कलावतीबाईंनी, विचारलं, "तू काय सोडतो रे?"

"मी टीव्ही कधीचाच सोडलाय."

आईने तिथल्या तिथे हात जोडले. "माय, पोरानं टीव्ही सोडला वं."

"आई, तो निषेध आहे. नवस नाही."

"आता सांगून झालं देवीला. मोडलं तं उरलेले दिवस अनवाणी राहावं लागते, माहीत आहे नं?"

टीव्ही घटाच्याच खोलीत होता. आईने त्याच्यावर चादर टाकली.

"याच्या निषेधात माझा काय गुन्हा?" मोठेबाबांनी विचारलं.

पंचमीच्या संध्याकाळी अखंड दिव्याचं तेल तळाला गेलं. "पळत जा अन् तेल घेऊन ये," आई म्हणाली. "दिवा विझला तं पाहा मग."

दुकानदार शैलेंद्र गल्ल्याकडे पाठ करून टीव्हीपुढे बसला होता. मुलींची रिले चालू होती. चार गुणिले चारशे. दिवाकरने तत्काळ पाठ फिरवली.

"भैया, तेल."

"मिलेगा, मिलेगा. छोरियाँ दौड़ रही हैं. आप उधर मुँह करके क्यों खड़े हो?"

"असंच."

समोरच्या फळीवर संत्र्याच्या गोळ्यांची काचेची बरणी होती. तिच्यात सगळी शर्यत दिसत होती. प्रतिमा म्हणजे वस्तू नव्हे, हे दिवाकरला नववीपासून माहीत होतं. वस्तू सोडलेली असेल, तर प्रतिमा पाहायला शास्त्राची हरकत नसावी. देवीची असेल का, याबद्दल पुरेशी माहिती उपलब्ध नव्हती. बरणीत मुली उलट्या दिशेने धावत होत्या आणि काचेच्या गोलाईमुळे डोक्यांच्या मानाने त्यांचे पाय फार आखूड दिसत होते. तरी आपली शेवटची मुलगी पुढे जाते आहे, एवढं कळत होतं. ती शेवटच्या वळणावर आली आणि बरणीला डकवलेल्या किमतीच्या चिठ्ठीमागे दिसेनाशी झाली.

दिवाकर वळला.

पुढची काही मिनिटं निषेधाच्या दृष्टीने वाया गेली. तो शैलेंद्रच्या गळ्यात पडला. मग गोडं तेल घ्यायला आलेल्या एका अनोळखी आजोबांच्या. ज्या देशाने खड्डे बुजवले नव्हते, त्याच देशासाठी त्याचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायला त्याने शैलेंद्रचाच गमछा वापरला.

मग त्याला दिवा आठवला. तेलाची पिशवी छातीशी धरून तो सुटला. गल्लीत अंधार होता, पण सतराही खड्डे त्याला तोंडपाठ होते. एकामागून एक ते त्याने असे ओलांडले, की दिल्लीत त्याला घेतलं नाही याचंच नवल वाटावं. सतरावा पार झाला आणि कमानीपाशी एक पाय खड्ड्यात जाऊन तो आडवा झाला.

एक चप्पल आत राहिली. पिशवी फुटली, पण फटीवर अंगठा दाबून त्याने अर्धं तेल घरी आणलं. ज्योत वातीच्या टोकाला आली होती. आईने तेल ओतलं. ज्योत पुन्हा उभी राहिली.

"कितव्या आल्या पोरी?" मोठेबाबांनी सहज विचारलं.

"पहिल्या."

आईने दिव्यावरून मान वर केली.

"अब बोलो," शकू म्हणाली.

"मी बरणीत पाहिलं," दिवाकर म्हणाला.

"शेवटही बरणीतच?" आईने विचारलं.

दिवाकर खोटं बोलत नसे. "शेवटचे ऐंशी मीटर सोडून."

"चप्पल काढ."

"एकच आहे."

"तीच काढ."

मोठेबाबा उठले आणि वाढलेली दाढी खाजवत त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "पहिल्या," ते स्वतःशीच म्हणाले.

सकाळी तो आणि मोठेबाबा खड्ड्यातली चप्पल काढायला गेले. दिवाकर अनवाणी होता.

"हा तं कमानीचा नाही. कमान तिकडं आहे," मोठेबाबा म्हणाले. "मग हा कोणी खणला?"

"मीच. आधी इथं खणला होता. वर विजेची तार निघाली, म्हणून कमान सरकवली."

"अन् हा काहून नाही बुजवला?"

"मंडळ बुजवणार होतं."

"मंडळात कोण आहे?"

दिवाकरने खिशातून मोजपट्टी काढली, गुडघ्यावर बसला आणि आत हात घातला.

खोली चौदा इंच, तोंड नऊ. एकूण खड्डे अठरा.