चेटकीण कोणासारखी?

माझ्या हातात कला आहे, हे मी आधीच सांगून टाकतो. मागाहून कोणी म्हणायला नको की एलरॉय टेशनं कल्पना दिली नव्हती! चौतीस वर्षं मी शाळेची बस चालवली. विस्कॉन्सिनचा बर्फ, मागे चाळीस पोरांचा दंगा, आणि तरीही बस एकदासुद्धा खड्ड्यात घातली नाही. अशा हाताला मातीची चार भुतं वळायला काय अवघड आहे? पण बायकोला हे पटत नाही. व्हर्ना म्हणते, "तुझ्या हातात एकच गोष्ट शोभते, एलरॉय. केराची पिशवी!"

तिचं तरी काय चुकलं म्हणा. मागच्या वर्षी मी ते भूत वापरलं ना!

झालं असं, की आमच्या शेजारी आर्डिस लिंडक्विस्ट राहते. ती आणि व्हर्ना पहिलीपासूनच्या मैत्रिणी. दर गुरुवारी दुपारी दोघी आमच्या स्वयंपाकघरात पत्ते कुटायच्या आणि सगळ्या गावाची उणीदुणी काढायच्या. आर्डिसच्या अंगणातल्या झुडपावर दर हॅलोविनला एक पांढरं कापडी भूत टांगलेलं असायचं. तिच्या आईनं शिवलेलं, पन्नास वर्षांचं भूत! मागच्या वर्षी ते वाऱ्यानं उडून आमच्या आवारात पडलं. आता तुम्हीच सांगा, गवतावर एक जुनं पांढरं फडकं पडलंय आणि समोर गवत कापायचं यंत्र तेलानं माखून उभं आहे. तुम्ही काय केलं असतं? मी यंत्र पुसलं. मन लावून पुसलं! मग फडकं झटकलं, तर त्यातून दोन डोळे माझ्याकडे बघताहेत!

आर्डिस रडत आली. मी माफी मागत होतो, तेवढ्यात व्हर्ना बोलून गेली, "जाऊ दे गं, जुनं कापडच तर होतं!" झालं! आर्डिसनं पाठ फिरवली ती फिरवलीच. वर्ष झालं, आमच्या दारात पाऊल नाही. मी एकदा नवी कोरी चादर घेऊन तिच्याकडे गेलो, तर तिनं माझ्या तोंडावर दार लावलं.

गुरुवारी आता व्हर्ना माझ्याशी पत्ते खेळते. मी हुकूम कुठला ते दर डावाला विचारतो, ती दर डावाला उसासा टाकते. ऑक्टोबरच्या पहिल्या गुरुवारी मी बाहेरून आलो तर ती एकटीच टेबलाशी बसली होती. पानं दोघींची वाटलेली आणि समोरची खुर्ची रिकामी! मला फार वाईट वाटलं. खोटं नाही सांगत, डोळे भरून आले. तिथल्या तिथे ठरवलं, हॅलोविनच्या आत आर्डिसला या खुर्चीत आणून बसवायचं!

आमच्या गल्लीत ऑक्टोबर लागला की एकमेकांना 'बू' करतात. टोपलीत खाऊ आणि थोडी सजावट भरायची, शेजाऱ्याच्या दारात ठेवायची, घंटी वाजवायची आणि धूम ठोकायची! कोणी ठेवली ते सांगायचं नाही. ज्याला टोपली मिळेल त्यानं दोन दिवसांत आणखी दोन घरांना बू करायचं. माझा बेत साधा होता. आर्डिसला बू करायचं, तेही माझ्या हातच्या वस्तूंनी. ती हरखून जाणार, सगळ्या गल्लीला विचारत सुटणार, "अशी सुंदर सजावट केली तरी कोणी?" आणि मग मी लाजत लाजत पुढे होणार!

मंगळवारी व्हर्ना चर्चमध्ये गोधड्या शिवायला गेली आणि मी घरच्या ओव्हनमध्ये भाजता येते ती रंगीत माती काढली. तीन भोपळे केले. दोन भुतं केली. एक मांजर केलं, ते आधी बटाट्यासारखं दिसत होतं, पण शेपूट लावल्यावर बरंच निवळलं. आणि मग केली चेटकीण! वीतभर उंच, टोकदार टोपी, जांभळा झगा, टांगायला टोपीत दोऱ्याचा फास. डोळ्यांना दोन काळी मिरी. मी स्वतःच तिच्या प्रेमात पडलो!

ट्रे ओव्हनमध्ये सारताना जरासा गचका बसला. आता इतकी वर्षं बस चालवलेला माणूस गचक्याला काय भीक घालतो? पण ट्रे बाहेर काढला तर चेटकिणीचं नाक खाली ओघळलेलं आणि एक डोळा गायब! शोधशोध शोधला. डोळा घरंगळून हनुवटीवर बसला होता आणि तिथेच पक्का भाजला गेला होता. रिकाम्या खाचेवर मी मातीची पापणी चिकटवून पुन्हा भाजली. वा! डोळा मारणारी चेटकीण! उलट जास्तच गोड दिसायला लागली. मी फोनवर तिचा फोटो काढला, टोपली भरली आणि संध्याकाळी आर्डिसच्या पायरीवर ठेवली. घंटी वाजवली आणि कुंपणाच्या झुडपातून आरपार पळालो. त्या झुडपात आता माझ्या मापाचं भोक आहे.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी ऐटीत व्हर्नापुढे फोन सरकवला. "बघ! कलावंत नवरा!"

तिच्या तोंडातली कॉफी थेट माझ्या अंड्यांवर आली.

"एलरॉय! ही आर्डिस आहे!"

"छे! चेटकीण आहे ती."

"हनुवटीवर चामखीळ कोणाला आहे? अख्ख्या गल्लीत हनुवटीवर काळी चामखीळ कोणाला आहे, सांग!"

चामखीळ आर्डिसला होती. इतकी वर्षं रोज बघत होतो, पण ऐन वेळी आठवेल तर शपथ!

"ती मिरी आहे गं!" मी पुटपुटलो. "घरंगळली."

"तिच्या आईच्या भुतानं यंत्र पुसलंस, आणि आता तिचीच चेटकीण करून तिच्या दारात ठेवलीस? वर डोळा मारणारी? आता ती जन्मात माझं तोंड बघायची नाही!" व्हर्नानं दाराकडे बोट केलं. "जा! तिनं उघडली नसेल तर आण परत! ऊठ!"

मी घरातल्या चपलांवरच धावलो. आर्डिसच्या पायरीवर टोपली नव्हती! आत असेल म्हणून तिच्या शेवंतीच्या वाफ्यात गुडघे टेकले आणि खिडकीतून डोकावलो. आत टोपली नाही आणि आर्डिसही नाही. मग डोक्यात प्रकाश पडला. बूचा नियम! टोपली पुढे द्यायची असते! आणि आर्डिस पडली काटकसरी. ती कशाला नवी टोपली भरत बसेल? आहे तीच पुढे सरकवली असणार!

समोर गस पेल्कीच्या दारात नारिंगी टोपली दिसली. आमच्या गावात दुकान एकच, त्यामुळे टोपल्या सगळ्यांच्या एकसारख्या. मी कोपरापर्यंत हात घातला. तेवढ्यात दार उघडलं आणि अंघोळीच्या झग्यात गस बाहेर!

"एलरॉय? गोळ्या चोरतोस?"

"नाही रे! शोधतोय."

"काय?"

"आर्डिस!"

गसनं टोपलीत वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "व्हर्नाला फोन करू का?" तो हळूच म्हणाला.

मी तिथून सटकलो तो कोपऱ्यावरच्या केंड्राकडे. तिच्याही पायरीवर टोपली! खाली बसून एकेक चॉकलेट बाहेर काढत होतो, तोच भिंत बोलली.

"मिस्टर टेश, मी ऑफिसात आहे, पण घंटीच्या कॅमेऱ्यात तुम्ही मला दिसताय. काही हवंय का तुम्हाला?"

मी आयुष्यात पहिल्यांदा एका भिंतीची माफी मागितली. चॉकलेटं परत टोपलीत भरली. एक चुकून खिशात राहिलं, ते कॅमेऱ्यासमोर काढून दाखवलं आणि तेही ठेवलं. रस्त्यावर आलो तर फोन किणकिणला. गल्लीच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, 'सावधान! चौकड्यांचं जाकीट घातलेले एक आजोबा दारातल्या टोपल्यांमधला खाऊ पळवत आहेत!' त्याखाली गस: 'एलरॉय आहे. सोडून द्या.' त्याखाली आणखी कोणीतरी: 'त्यांना घरी जेवायला मिळत नाही का?'

मी मान खाली घालून मागच्या दारानं घरात शिरलो आणि दारातच थिजलो. स्वयंपाकघरात आर्डिस बसली होती! टेबलावर माझी टोपली, मधोमध चेटकीण उभी, आणि व्हर्ना डोळे पुसतेय! म्हणजे मी तिकडे शेवंतीत गुडघे टेकून बसलो होतो, तेव्हा ही बाई टोपली घेऊन इकडे आली होती. संपलं, म्हटलं. सगळं संपलं!

"काल तो कुंपण फोडून पळताना दिसला, तेव्हाच कळलं हे कोणाचं काम ते," आर्डिस सांगत होती. "पण टोपली उघडली आणि माझा जीव तुटला गं तुझ्यासाठी. रात्रभर झोप नाही! व्हर्ना, सख्ख्या बायकोची कोणी चेटकीण करतं का?"

व्हर्नाचा रुमाल हवेतच राहिला. "बायकोची?"

"मग काय! ते नाक बघ! अगदी तुझं नाक!"

"माझं नाक? अगं आर्डिस, ही तू आहेस! ती चामखीळ बघ!"

"चामखीळ?" आर्डिसनं हनुवटी चाचपली. "त्या नाकापुढे चामखिळीकडे लक्ष कोणाचं जातंय?"

मग व्हर्नाला फस्सकन हसू फुटलं. मग आर्डिसला. दोघी टेबलावर हात आपटून, एकमेकींच्या गळ्यात पडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मी दारात उभा, पायात चिखलाच्या चपला.

"आर्डिस," व्हर्ना धाप टाकत म्हणाली, "मी तसं बोलायला नको होतं गं. तुझ्या आईच्या हातचं होतं ते."

"नकोच होतं बोलायला."

"चुकलं माझं."

"बरं," आर्डिसनं नाक पुसलं. "आता कॉफी कर. वर्षभर माझ्या हातची पितेय, कंटाळा आलाय."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी टाळ्या पिटणार, एवढ्यात दोघी एकदम माझ्याकडे वळल्या.

"एलरॉय," आर्डिस म्हणाली, "खरं सांग. ही कोण?"

"हो, सांग," व्हर्नानं हाताची घडी घातली. "ती की मी?"

उजवीकडे बर्फ, डावीकडे बर्फ! अशा वेळी अनुभवी चालक स्टिअरिंग सरळ धरतो.

"माझी आई," मी म्हणालो.

फ्रिजच्या वर आमच्या आईचा फोटो आहे. दोघी उठल्या. आर्डिसनं चेटकीण उचलून फोटोशेजारी धरली. आई उन्हात एक डोळा बारीक करून उभी आहे. नाक खाली वळलेलं. हनुवटीवर काळा ठिपका.

"अगं बाई!" आर्डिस म्हणाली.

"हुबेहूब!" व्हर्ना म्हणाली.

अहो, मी नुसती जीव वाचवायला थाप मारली होती! पण मीही मान वर करून नीट पाहिलं, आणि गुपचूप खुर्चीवर बसलो.

गुरुवारचे पत्ते पुन्हा सुरू झालेत आणि माझी हुकुमातून सुटका झाली आहे. हॅलोविनच्या संध्याकाळी दोघींनी एकमतानं चेटकीण आमच्याच दारावर टांगली आणि चॉकलेटांचं भांडं देऊन मला तिच्याखाली बसवलं. पहिलीच आली ती मधमाशीच्या वेशातली एक चिमुरडी. तिनं चेटकिणीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. पुन्हा चेटकिणीकडे पाहिलं.

"आजोबा," ती कौतुकानं म्हणाली, "तुम्ही स्वतःला किती छान बनवलंय!"

आतून दोन बायकांच्या हसण्याचा असा काही स्फोट झाला की मधमाशी दचकून आईमागे लपली. मी तिला मूठभर चॉकलेटं दिली आणि दारावरचा दिवा हळूच मालवला. एलरॉय अगदी आईवर गेलाय, असं सगळे मला लहानपणापासून सांगत आलेत. मला आपलं वाटायचं, स्वभावाबद्दल म्हणतात!