नमुना सदनिकेतलं नमुना कुटुंब

माणसाला राहायला घर लागतं, हे सर्वमान्य आहे. पण घर विकायला राहणारा माणूस लागतो, हे प्रथम ओळखलं ते चारकोपच्या वसुंधरावत्सल बिल्डर्सच्या देवव्रतशेठनी.

प्रेमा आणि गुणाजी परब यांची चाळ पाडून तिथे शेठ एक 'शाश्वत वस्ती' उभारत होते. चाळकऱ्यांची इमारत नियोजित होती (नियोजित इमारतीला गळती लागत नाही, हा तिचा मोठाच गुण), आणि तोवर दोघांची सोय माहुलच्या संक्रमण शिबिरात झाली. तिथल्या हवेने गुणाजी खोकून खोकून अर्धा झाला. प्रेमा भांडायला साइट ऑफिसात आली, तेव्हा शेठनी तिला नीट न्याहाळलं आणि तळमजल्याची नमुना सदनिका देऊ केली. अट एकच: शेवटचा फ्लॅट विकला जाईपर्यंत राहायचं, आणि रविवारी गिऱ्हाइकांसमोर सुखी दिसायचं.

सदनिका झकास होती. फ्रिज पुठ्ठ्याचा. नळाला पाइप नव्हता. खोल्या ऐसपैस दिसाव्यात म्हणून दारं काढलेली आणि पलंग आखूड केलेले. गुणाजी घडी घालून झोपायचा. पण खोकला थांबला होता, त्यामुळे त्याची तक्रार नव्हती. कुटुंबाचा पाणीवापर शून्य, वीजवापर शून्य, ओला कचरा शून्य, असा अहवाल झाला (स्वयंपाक आणि इतर विधी मागच्या मजुरांच्या शेडकडे होत, शेड अहवालाच्या कक्षेबाहेर होती) आणि शेठना अंधेरीच्या हॉटेलात पर्यावरणाचा पुरस्कार मिळाला.

एकेक फ्लॅट जाऊ लागला तसं प्रेमाच्या लक्षात आलं, की गिऱ्हाईक बुकिंगचे पेढे घेऊन जातं तेव्हा आपण एक पाऊल माहुलकडे सरकतो. गिऱ्हाइकं पळवायचा खात्रीचा उपाय तिने योजला. ती खरं बोलू लागली.

"नळाला पाणी नाय. एक थेंब नाय," तिने मुलुंडच्या एका जोडप्याला सांगितलं. पाणीबचतीबाबत इतकी जागरूक गृहिणी त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी तिथेच बुकिंग केलं. भिंत प्लायवूडची आहे, हे तिने ठोकून दाखवलं. बोरिवलीच्या निवृत्त मास्तरांना सिमेंट वाचवल्याचं कौतुक वाटलं. पलंगावर झोपून बघा, असं ती एका गृहस्थाला म्हणाली. तो झोपला, त्याचे पाय गुडघ्यापासून बाहेर आले, आणि तो म्हणाला की तसाही त्याचा पलंग वडिलोपार्जित आहे.

विक्री चाळीस टक्क्यांनी वाढली. विक्री विभागाची श्वेता येऊन म्हणाली, "काकू, तुम्ही कमाल आहात. इतकं जेन्युइन आम्हाला ट्रेनिंग देऊनही जमत नाही."

गुणाजी हवालदिल झाला. "गो, तू गप रव बघू," तो म्हणाला. "तू बोललंस काय फ्लॅट खपता."

पुढचा रविवार प्रेमा गप्प राहिली. परिसर शांत असल्याची गिऱ्हाइकांची खात्री पटली, आणि दोन फ्लॅट गेले.

उरला एक.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही आलात. तुम्ही वाचणारी, विचार करणारी माणसं. आल्या आल्या चपला बाहेर काढल्यात, पुनर्वसन वगैरे शब्द न अडखळता उच्चारलेत. प्रेमाला आशा वाटली. तिने तुम्हाला बसवलं आणि आवाज न चढवता सगळं सांगितलं. "हा फ्लॅट गेला की ही खोली तोडतील. आम्हाला परत माहुल. ह्यांना तिथली हवा सोसत नाय. आणि आमची बिल्डिंग जिथं होणार होती ना, तिथं आता नकाशात तुमचं पार्किंग दाखवलंय."

तुम्ही मन लावून ऐकलंत. मध्ये 'अरेरे' म्हणालात, तेही मनापासून.

मग तुम्ही हळू आवाजात श्वेताला विचारलंत, पार्किंगला वर शेड आहे ना?